स्वयंचलित बॅकअप आणि साठवलेला पासवर्ड : दोष कसा ओळखावा, कसा दूर करावा

वाराणसी येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्था देशातील भाजीपाला संशोधनाचे प्रमुख केंद्र आहे. १९७०-७१ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भाजीपाला प्रकल्पाचे मुख्यालय १९९२ मध्ये वाराणसीस आले आणि १९९९ मध्ये त्यास संस्थेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील राहुरीसह देशभरातील केंद्रांवर या प्रकल्पाच्या चाचण्या घेतल्या जातात. काशी क्रांती भेंडी, काशी कंचन चवळी, काशी नंदिनी वाटाणा हे या संस्थेचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. अशा प्रत्येक वाणामागे निरनिराळ्या हवामानातील उत्पादन, रोग-कीड आणि गुणवत्तेच्या हजारो नोंदी असतात.

या नोंदींचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. समन्वित प्रकल्पात एखादा नवा वाण आधी प्राथमिक चाचणीतून आणि नंतर प्रगत चाचणीच्या दोन टप्प्यांतून जातो. म्हणजे शिफारशीपूर्वी किमान तीन वर्षांच्या नोंदी जमा व्हाव्या लागतात. त्यांपैकी दुसऱ्या वर्षाच्या नोंदी नष्ट झाल्या, तर साखळी मध्येच तुटते. प्लॉट पुन्हा आखता येतो, बियाणे पुन्हा पेरता येते. परंतु गेलेल्या हंगामाचा पाऊस, तापमान आणि रोगाचा प्रादुर्भाव पुन्हा आणता येत नाही. म्हणूनच संशोधन संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्याही आपल्या माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवतात. बहुतेक ठिकाणी हे काम रात्री आपोआप करणारे सॉफ्टवेअर बसविलेले असते.

हे सॉफ्टवेअर एका गोष्टीवर अवलंबून असते आणि तीच सर्वांत लवकर विसरली जाते. ती गोष्ट म्हणजे त्यात एकदा भरून ठेवलेला पासवर्ड. तो निकामी झाला की बॅकअप थांबतो आणि पुष्कळदा कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. हा दोष कसा निर्माण होतो, तो कोणत्या क्रमाने शोधावा आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, याचे विवेचन या लेखात केले आहे.

साठवलेला पासवर्ड कोठे लागतो

मनुष्य संगणकावर काम करतो तेव्हा पासवर्ड स्वतः टाइप करतो. रात्री दोन वाजता चालणाऱ्या बॅकअपजवळ मात्र कोणी बसलेले नसते. त्यामुळे आवश्यक ते पासवर्ड सॉफ्टवेअरकडे आधीच साठवून ठेवावे लागतात. साधारणतः असे चार पासवर्ड असतात आणि त्यांची गल्लत झाल्यास दोष शोधणे अवघड होते.

पहिला पासवर्ड बॅकअपचे काम ज्या खात्याच्या नावाने सुरू होते त्या खात्याचा. दुसरा, ज्या सर्व्हरमधील माहिती वाचावयाची त्या सर्व्हरचा किंवा त्यातील डेटाबेसचा. तिसरा, प्रत जेथे नेऊन ठेवावयाची त्या जागेचा. ही जागा कार्यालयातील सामायिक साठवण यंत्र असेल, दुसऱ्या इमारतीतील संगणक असेल किंवा इंटरनेटवरील क्लाउड साठवण असेल. चौथा पासवर्ड प्रतीला कुलूप घालण्यासाठी, म्हणजे ती कूटबद्ध करण्यासाठी वापरलेला. पहिले तीन पासवर्ड दाराच्या किल्ल्यांसारखे आहेत. त्या हरवल्या तर व्यवस्थापक नव्या करून देऊ शकतो. चौथी किल्ली तिजोरीची आहे. ती हरवली तर तिजोरी हाती असूनही उघडत नाही. या फरकाचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

पासवर्ड निकामी होण्याची कारणे

सर्वांत नेहमीचे कारण अगदी साधे असते. कोणीतरी खात्याचा पासवर्ड बदलतो आणि तो आणखी कोठे साठवलेला आहे हे त्याच्या लक्षात राहत नाही. अधिकारी बदलून जातात, कंत्राटी संगणक सहायकाची मुदत संपते, सुरक्षेच्या नियमानुसार ठरावीक काळाने पासवर्ड बदलावा लागतो. बदल करणारी व्यक्ती आपल्या संगणकावर नवा पासवर्ड वापरून काम सुरू करते. बॅकअप सॉफ्टवेअर मात्र जुनाच पासवर्ड घेऊन दर रात्री दार ठोठावत राहते.

यातून दुसरा त्रास उद्भवतो. अनेक कार्यालयांत काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते आपोआप बंद होण्याची व्यवस्था असते. समजा, ही मर्यादा पाच प्रयत्नांची आहे आणि बॅकअप सॉफ्टवेअर अपयश आल्यावर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. अशा स्थितीत पहाटेपर्यंत खाते कुलूपबंद होते आणि सकाळी तेच खाते वापरणाऱ्या शास्त्रज्ञाला स्वतःचा अचूक पासवर्ड देऊनही प्रवेश मिळत नाही. खाते मोकळे करून दिले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. एखादे खाते रोज सकाळी बंद सापडत असेल, तर कोठेतरी जुना पासवर्ड साठवलेला आहे असे समजून शोध घ्यावा.

तिसरे कारण किंचित सूक्ष्म आहे. चांगले सॉफ्टवेअर पासवर्ड उघड्या अक्षरांत न ठेवता सांकेतिक रूपात ठेवते. विंडोज प्रणालीत हे संकेत उलगडण्याची किल्ली त्या विशिष्ट संगणकाशी किंवा त्या विशिष्ट वापरकर्त्याशी बांधलेली असते. त्यामुळे जुना सर्व्हर काढून नव्यावर बॅकअप सॉफ्टवेअरच्या सर्व फाइली जशाच्या तशा उतरविल्या, तरी साठवलेले पासवर्ड नव्या संगणकाला वाचता येत नाहीत. यादीत खात्यांची नावे दिसतात, पासवर्डच्या जागी ठिपकेही दिसतात, परंतु प्रवेश नाकारला जातो. तसेच स्थानिक खात्याचा पासवर्ड वापरकर्त्याने जुना पासवर्ड देऊन बदलला तर त्याचे साठवलेले संकेत शाबूत राहतात. व्यवस्थापकाने तो परस्पर नव्याने बसविला तर ते वाचता येईनासे होतात. वरवर एकच भासणाऱ्या या दोन क्रियांचे परिणाम अगदी वेगळे आहेत.

चौथे कारण म्हणजे काम कोणाच्या नावाने चालते याविषयीचा गैरसमज. संगणक सहायक स्वतः बसून बॅकअप चालवून पाहतो, तेव्हा तो यशस्वी होतो; रात्री आपोआप चालताना तोच अयशस्वी ठरतो. याचे कारण असे की, हाताने चालविताना तो सहायकाच्या खात्यातील साठवलेले पासवर्ड वापरतो, तर रात्री तो प्रणालीच्या किंवा दुसऱ्याच खात्याच्या नावाने चालतो आणि त्या खात्याजवळ ते पासवर्ड नसतात. लिनक्स सर्व्हरवरही वेळापत्रकानुसार चालणाऱ्या कामाला वापरकर्त्याचा नेहमीचा परिसर मिळत नाही. म्हणून ‘माझ्या संगणकावर चालते’ हा पुरावा पुरेसा मानू नये.

पाचवे कारण फाइलच्या परवानग्यांचे. लिनक्सवर डेटाबेसचा पासवर्ड एका लहानशा फाइलीत ठेवण्याची पद्धत आहे. ही फाइल इतरांना वाचता येत असेल, तर पोस्टग्रेस डेटाबेसची साधने सुरक्षेच्या कारणास्तव तिच्याकडे दुर्लक्ष करतात. फाइलमधील पासवर्ड अचूक असूनही प्रवेश मिळत नाही, कारण तो वाचलाच जात नाही. फाइल दुसरीकडून नक्कल करून आणल्यावर किंवा परवानग्या सरसकट बदलल्यावर हा दोष हमखास उद्भवतो.

सहावे कारण पासवर्डमधील चिन्हांचे. लिनक्सच्या वेळापत्रकात लिहिलेल्या आज्ञेत टक्क्याचे चिन्ह आले तर तेथे ओळ संपली असे मानले जाते. डॉलर, उद्गारचिन्ह, अपूर्णविराम आणि उलटी तिरपी रेघ यांनाही निरनिराळ्या ठिकाणी विशेष अर्थ असतो. सुरक्षेसाठी ही चिन्हे घालून केलेला भक्कम पासवर्ड पडद्यावर हाताने टाइप केला तर चालतो; आज्ञेत लिहिला तर अर्धवट वाचला जातो. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. देवनागरी कळफलक चालू असताना पासवर्ड भरला गेला, तर ठिपक्यांआड नेमकी कोणती अक्षरे गेली हे दिसत नाही.

सातव्या प्रकारात पासवर्ड बदललेला नसतो. तो तपासण्याची रीत बदललेली असते. मायएसक्यूएलच्या २०१८ मधील आठव्या आवृत्तीने आणि पोस्टग्रेसच्या २०२१ मधील चौदाव्या आवृत्तीने पासवर्ड पडताळण्याची नवी, अधिक सुरक्षित पद्धत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली. सर्व्हर अद्ययावत केला आणि बॅकअप घेणारे साधन जुनेच राहिले, तर दोघांची भाषा जुळत नाही. अशा वेळी तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा भरून उपयोग होत नाही. साधन अद्ययावत करावे लागते.

शेवटचे कारण घड्याळाचे. विंडोज सर्व्हरांच्या सामायिक व्यवस्थेत ओळख पटविताना दोन्ही संगणकांच्या घड्याळांतील फरक मूळ मांडणीनुसार पाच मिनिटांपेक्षा अधिक चालत नाही. संगणकाच्या मुख्य पट्टीवरील लहान बॅटरी संपली असेल, तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे पडते आणि ओळख नाकारली जाते. वारंवार वीज जाणाऱ्या ग्रामीण केंद्रांनी ही शक्यता विसरू नये.

अपयश मुके का राहते

पासवर्डचा दोष दुरुस्त करण्यास बहुधा काही मिनिटे लागतात. त्याचा पत्ता लागण्यास मात्र काही महिने जाऊ शकतात आणि खरा धोका तेथे आहे.

याचे सर्वपरिचित उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजी घडले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जागा पुरविणाऱ्या गिटलॅब या कंपनीत देखभाल चालू असताना एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली. बॅकअपकडे वळल्यावर असे आढळले की, रोज घेतली जाणारी प्रत प्रत्यक्षात तयारच होत नव्हती, कारण प्रत घेणारे साधन आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. अपयशाची सूचना देणारे ई-मेल पाठविले जात होते. पण ते आवश्यक त्या पडताळणीविना जात असल्यामुळे नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती, तिच्यावरून सेवा पुन्हा उभी करण्यात आली. मधल्या सहा तासांची माहिती गेली. कंपनीने ही सारी हकिकत स्वतःहून प्रसिद्ध केली, हे उल्लेखनीय आहे.

तेथे मूळ दोष पासवर्डचा नव्हता. तरीही त्या घटनेतून मिळणारा धडा येथे तंतोतंत लागू पडतो. बॅकअप बंद पडला आणि त्याची वर्दी देणारी वाटही बंद पडली. लहान कार्यालयांत ही दुसरी वाटसुद्धा बहुधा एका साठवलेल्या पासवर्डवरच चालते. गूगलने ३० मे २०२२ पासून जुन्या पद्धतीच्या उपकरणांना व सॉफ्टवेअरना केवळ नाव आणि पासवर्ड देऊन वैयक्तिक जीमेल खात्यात शिरण्यास मज्जाव केला. त्यानंतर अशा खात्यातून सूचना पाठविणाऱ्या व्यवस्था स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घेतल्याखेरीज चालेनाशा झाल्या. अपयशाचा ई-मेल आला नाही, एवढ्यावरून काम सुरळीत आहे असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे ठरते.

धोका वाढविणारी आणखी एक बाब आहे. जागा वाचविण्यासाठी बॅकअप सॉफ्टवेअर ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसून टाकते. काही मांडण्यांत हे पुसण्याचे काम वेगळ्या वेळापत्रकाने चालते आणि नवी प्रत आली की नाही हे न पाहता पार पाडले जाते. चौदा दिवसांच्या प्रती ठेवण्याचा नियम असेल आणि पासवर्ड निकामी होऊन पंधरा दिवस लोटले असतील, तर अशा मांडणीत एकही प्रत शिल्लक राहत नाही.

निदानाचा क्रम

बॅकअप थांबल्याचे आढळताच नवा पासवर्ड करून सर्वत्र भरत सुटणे, हा उपाय टाळावा. त्याने मूळ कारण झाकले जाते आणि त्या पासवर्डवर चालणारी इतर कामेही बंद पडू शकतात. पुढील क्रमाने शोध घेणे हितावह आहे.

१. शेवटची यशस्वी प्रत कोणत्या तारखेची आहे, ते प्रत साठविण्याच्या जागी जाऊन प्रत्यक्ष पाहावे. तिचा आकार आधीच्या प्रतींशी ताडून पाहावा. जुन्या प्रती पुसण्याचे काम ताबडतोब स्थगित करावे, म्हणजे हाती आहेत त्या प्रती सुरक्षित राहतील.

२. त्या तारखेच्या आसपास काय बदलले, याची विचारणा करावी. पासवर्ड, कर्मचारी, सर्व्हर, अद्ययावतीकरण, वीजपुरवठा यांपैकी काही ना काही बहुधा सापडते.

३. सॉफ्टवेअरच्या नोंदपत्रातील, म्हणजे लॉगमधील, पहिल्या अपयशाची नोंद वाचावी. नंतरच्या नोंदी पुष्कळदा परिणाम दाखवितात. कारण पहिल्या नोंदीत असते.

४. विंडोजवरील त्रुटीक्रमांक पाहावा. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. ८६ म्हणजे सामायिक जागेचा पासवर्ड चुकीचा. १३३० म्हणजे पासवर्डची मुदत संपली. १३३१ म्हणजे खाते बंद केलेले आहे. १९०७ म्हणजे प्रथम पासवर्ड बदलणे बंधनकारक आहे. १९०९ म्हणजे खाते कुलूपबंद झाले आहे. १३८५ म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, पण त्या खात्याला अशा रीतीने काम चालविण्याचा अधिकार दिलेला नाही. १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरशी आधीच वेगळ्या नावाने जोडणी चालू आहे. याउलट ५३ हा क्रमांक नेटवर्कवरील मार्गच सापडत नसल्याचे सांगतो आणि ५ हा क्रमांक परवानगी नसल्याचे. या शेवटच्या दोहोंत पासवर्ड बदलून काहीही साधत नाही.

५. कोणत्या दारावर अडले, ते निश्चित करावे. वर सांगितलेल्या चारांपैकी नेमका कोणता पासवर्ड नाकारला गेला? माहिती वाचली गेली आणि प्रत ठेवताना अपयश आले, तर डेटाबेसचा पासवर्ड निर्दोष आहे आणि शोध साठवणुकीच्या जागेकडे न्यावा.

६. ज्या खात्याच्या नावाने काम रात्री चालते त्याच खात्याने, त्याच संगणकावरून, हाताने प्रवेश करून पाहावा. येथे प्रवेश मिळाला आणि सॉफ्टवेअरला मिळाला नाही, तर दोष पासवर्डमध्ये नसून तो साठविण्याच्या रीतीत आहे. येथेही प्रवेश मिळाला नाही, तर दोष खात्यात आहे.

७. खाते दोषी असल्यास ते मोकळे करण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधील काम थांबवावे, नवा पासवर्ड तेथे भरावा आणि मगच खाते मोकळे करून काम सुरू करावे. क्रम उलटला तर जुना पासवर्ड खात्याला पुन्हा कुलूप घालतो.

८. दुरुस्तीनंतर काम वेळापत्रकाच्या मार्गाने एकदा चालवून पाहावे. पडद्यावरील बटण दाबून मिळालेले यश वेगळे आणि रात्रीच्या व्यवस्थेतील यश वेगळे.

उपायांमधील अपाय

त्रास टाळण्यासाठी काही ठिकाणी बॅकअपला सर्वाधिकारी व्यवस्थापकाचे खाते दिले जाते आणि त्याचा पासवर्ड कधीही न बदलण्याची सोय केली जाते. त्याने बॅकअप चालू राहतो, परंतु सर्व दारांची किल्ली एकाच ठिकाणी टांगल्यासारखे होते. मार्च २०२३ मध्ये वीम या जगभर वापरल्या जाणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये असा एक दोष उघडकीस आला की, त्याच्या आधारे परक्यास साठवलेले पासवर्ड काढून घेता येत असत. कंपनीने दुरुस्ती दिली. मात्र ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्यावर नंतर त्याच मार्गाने हल्ले झाले. खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरविणारे आधी बॅकअपवर घाला घालतात, कारण प्रत शिल्लक असली तर खंडणी देण्याची गरजच उरत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर तेथील नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे काही दिवस कागदावर करावी लागली होती. सार्वजनिक संस्थेच्या दृष्टीने माहितीची सुरक्षितता किती निकडीची आहे, हे त्यावरून दिसून आले.

म्हणून बॅकअपसाठी स्वतंत्र खाते असावे. माहिती वाचणाऱ्या खात्यास केवळ वाचण्याचा अधिकार असावा. प्रत ठेवणाऱ्या खात्यास त्या एका जागेपुरताच. कोणत्याही व्यक्तीने ते खाते दैनंदिन कामासाठी वापरू नये. त्यामुळे माणसे बदलली तरी बॅकअप थांबत नाही आणि खाते कुलूपबंद झाले तरी कोणाचे काम अडत नाही. विंडोज सर्व्हरच्या २०१२ पासूनच्या आवृत्त्यांत असे सेवा-खाते करता येते की, त्याचा पासवर्ड प्रणाली स्वतःच ठरावीक काळाने, मूळ मांडणीत दर तीस दिवसांनी, बदलते आणि तो कोणालाही लक्षात ठेवावा लागत नाही. सॉफ्टवेअर या सोयीशी सुसंगत असल्यास तिचा अवश्य लाभ घ्यावा.

तिजोरीची किल्ली

प्रत कूटबद्ध करणाऱ्या चौथ्या पासवर्डचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तो सॉफ्टवेअरमध्ये साठवलेला असेपर्यंत बॅकअप रोज यशस्वी होतो आणि कोणतीही तक्रार उद्भवत नाही. मूळ सर्व्हर जळाला किंवा चोरीस गेला, म्हणजे तो साठवलेला पासवर्डही त्यासोबत जातो. नव्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसविल्यानंतर ते प्रथम हाच पासवर्ड विचारते. तो कोणालाही आठवत नसेल, तर सुस्थितीतील प्रतही निरुपयोगी ठरते. उत्तम कूटबद्धीकरणाला मागचे दार नसते.

यासाठी हा पासवर्ड कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहून, मोहोरबंद लिफाफ्यात, सर्व्हर असलेल्या इमारतीबाहेर ठेवावा आणि दोन जबाबदार व्यक्तींना त्या जागेची माहिती असावी. पासवर्ड बदलल्यास जुना पासवर्ड फेकून देऊ नये. अनेक सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या प्रती आधीच्याच पासवर्डने उघडतात. म्हणून कोणत्या तारखेपासून कोणता पासवर्ड लागू आहे, हे लिफाफ्यात नमूद करावे.

उगवणक्षमता चाचणीचा न्याय

घरच्या सोयाबीनचे बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणक्षमतेचे मानक आहे. पोते भरलेले आहे, दाणा टपोरा आहे, यावर तो विसंबत नाही. बॅकअपच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे. यादीतील हिरवी खूण म्हणजे पोते भरल्याची खूण होय. प्रतीमधून काही फाइली बाहेर काढून त्या उघडतात काय, त्यांतील आकडे मूळ नोंदींशी जुळतात काय, हे पाहिल्यावरच प्रत जिवंत आहे असे म्हणता येते.

जनुकपेढ्यांमध्ये ही शिस्त जुनी आहे. तेथे साठवलेल्या बियाण्यांची उगवणक्षमता ठरावीक काळाने तपासली जाते आणि त्याच वाणाचा दुसरा संच दूर ठेवला जातो. नॉर्वेतील स्वालबार्ड येथे २००८ मध्ये सुरू झालेले जागतिक बियाणे भांडार हे अशाच दुसऱ्या संचांचे ठिकाण आहे. सिरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळील आंतरराष्ट्रीय शुष्क प्रदेश कृषी संशोधन केंद्राची जनुकपेढी वापरता येईनाशी झाली, तेव्हा २०१५ मध्ये त्या केंद्राने स्वालबार्डमधून आपले बियाणे परत मागविले. त्या भांडारातून झालेली ती पहिली उचल होती. मागविलेले बियाणे वाढवून २०१७ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा तेथे ठेवण्यात आला. राखीव संचाची सार्थकता तो परत मिळून उगवला, यात आहे.

केंद्रे व उत्पादक कंपन्यांसाठी दिनक्रम

लहान कार्यालयात स्वतंत्र संगणक विभाग नसतो. तेथेही पुढील व्यवस्था सहज पाळता येते.

दर सोमवारी एका नेमून दिलेल्या व्यक्तीने शेवटच्या प्रतीची तारीख आणि आकार पाहून वहीत नोंद करावी. सूचनेची वाट न पाहता स्वतः जाऊन पाहणे, हा यातील महत्त्वाचा भाग आहे. शक्य असल्यास सॉफ्टवेअरने यशाचीही सूचना पाठवावी अशी मांडणी करावी. मग सूचना न येणे हेच धोक्याचे चिन्ह ठरते.

एक तक्ता करून त्यात प्रत्येक खाते, ते कोठे कोठे साठवलेले आहे, मुदत केव्हा संपते आणि जबाबदार कोण, हे लिहावे. या तक्त्यात पासवर्ड लिहू नयेत. पासवर्ड बदलताना आधी हा तक्ता उघडावा, त्यातील सर्व ठिकाणी बदल करावा आणि त्याच दिवशी बॅकअप एकदा चालवावा. शुक्रवारी सायंकाळी पासवर्ड बदलणे टाळावे.

कर्मचाऱ्याच्या बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत बॅकअपची खाती आणि मोहोरबंद लिफाफा यांचा समावेश करावा. दर तीन महिन्यांनी, तसेच खरीप व रब्बीच्या नोंदी पूर्ण झाल्यावर, प्रतीमधून निवडक फाइली दुसऱ्या संगणकावर काढून पाहाव्यात. ही चाचणी मूळ सर्व्हरवर करू नये, कारण जुनी प्रत चालू माहितीवर उमटण्याचा धोका असतो.

या साऱ्याला आठवड्यातील काही मिनिटे आणि तिमाहीतील एखादी दुपार पुरते. उत्पादक कंपनीच्या सभासदांचे खरेदीचे हिशेब असोत, कृषी विज्ञान केंद्राच्या आद्यरेषा प्रात्यक्षिकांच्या नोंदी असोत किंवा समन्वित चाचणीतील तीन वर्षांचे आकडे असोत, ज्या शेतकऱ्यांच्या शेतावरून ही माहिती गोळा झाली त्यांनी तिच्यासाठी एकेक हंगाम दिलेला असतो. यंदाच्या खरीप नोंदी संगणकात भरण्यास प्रारंभ करण्यापूर्वी प्रत्येक केंद्राने आपल्या शेवटच्या राखीव प्रतीची तारीख पाहून घ्यावी आणि तिच्यातील एक तरी फाइल उघडून पाहावी.